बंद न होणारा ब्राउझर : कारण शोधण्याचा एक पाठ

आज विद्यार्थ्याचा प्रवेश अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र आणि निकाल या सर्व गोष्टी एकाच दारातून येतात. ते दार म्हणजे संगणकावरील ब्राउझर. हे दार उघडत नाही तेव्हा घरात धावपळ होते. ते नीट बंद होत नाही तेव्हा मात्र कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक न उघडण्याच्या अनेक तक्रारींचे मूळ आदल्या वेळी नीट बंद न होण्यातच असते. विशेषतः ब्राउझरचे अपडेट झाल्यानंतर ही तक्रार अधिक ऐकू येते. खिडकी बंद केली, पडद्यावर काही उरले नाही, पण पुन्हा उघडू गेल्यास ‘हा प्रोग्रॅम आधीच चालू आहे, परंतु प्रतिसाद देत नाही’ अशा अर्थाची सूचना येते. अर्ज भरण्याची अखेरची तारीख असेल तर अशा वेळी माणूस हाताला येईल ते करतो. कोणी ब्राउझर काढून पुन्हा टाकतो, कोणी अनोळखी फोल्डर पुसतो, कोणी संगणकाचे बटण दाबून धरतो. त्यातून कधी काम होते, तर कधी वर्षानुवर्षे जपलेले पासवर्ड आणि बुकमार्क नाहीसे होतात.

प्रस्तुत लेखात आम्ही या एका बिघाडाचा पायरीपायरीने विचार करणार आहोत. उदाहरणासाठी आम्ही फायरफॉक्स हा ब्राउझर घेतला आहे. त्याची १.० ही आवृत्ती ९ नोव्हेंबर २००४ रोजी प्रसिद्ध झाली. तो विनामूल्य आहे, मराठी भाषेतही मिळतो, आणि त्याच्या आत काय चालले आहे हे पाहण्याची साधने त्याच्यातच दिलेली आहेत. बहुतेक संगणकांवर तो इंग्रजीत वापरला जात असल्याने त्यातील आज्ञांची नावे आम्ही इंग्रजी उच्चाराप्रमाणे दिली आहेत. क्रोम आणि एज वापरणाऱ्यांसाठी पुढे वेगळा परिच्छेद आहे.

खिडकी आणि प्रोग्रॅम

प्रथम एक भेद स्पष्ट करून घेऊ. पडद्यावर जी चौकट दिसते ती खिडकी. त्या खिडकीमागे संगणकाच्या स्मृतीत जे काम चालू असते त्याला प्रोसेस म्हणतात. कोपऱ्यातील फुलीवर क्लिक केले की खिडकी तत्काळ नाहीशी होते, परंतु प्रोसेस त्याच क्षणी संपत नाही. दुकानाचे शटर ओढले म्हणजे दिवसाचा हिशेब पूर्ण झाला असे होत नाही. गल्ला मोजणे, वही लिहिणे, दिवे मालवणे ही कामे शटर ओढल्यानंतरही आत चालूच असतात. ब्राउझरचेही तसेच आहे.

शिवाय आजचा ब्राउझर म्हणजे एक प्रोसेस नसून प्रोसेसांचा समूह आहे. सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या क्रोमने निरनिराळी पाने निरनिराळ्या प्रोसेसमध्ये चालविण्याची पद्धत रूढ केली. फायरफॉक्सने ऑगस्ट २०१६ मधील ४८व्या आवृत्तीपासून ती टप्प्याटप्प्याने स्वीकारली. याचा लाभ असा की एखादे पान कोसळले तरी संपूर्ण ब्राउझर कोसळत नाही, आणि एका पानाला दुसऱ्या पानाची माहिती चोरून पाहणे कठीण जाते. मात्र बंद होताना या सर्व प्रोसेसांना निरोप पोहोचवावा लागतो आणि त्या थांबल्याची खात्री मुख्य प्रोसेसला करून घ्यावी लागते. त्यांपैकी एक जरी अडून बसली तरी सर्वांची वाट अडते.

बंद होताना आत काय घडते

वापरकर्त्याची सर्व वैयक्तिक माहिती फायरफॉक्स एका फोल्डरमध्ये ठेवतो. त्याला प्रोफाइल म्हणतात. पाहिलेल्या पानांचा इतिहास आणि बुकमार्क एका फाइलमध्ये, कुकी दुसऱ्या फाइलमध्ये, तर साठविलेले पासवर्ड आणि ते उघडण्याची किल्ली आणखी दोन फाइलींमध्ये अशी त्याची मांडणी असते. मूळ प्रोग्रॅम जेथे टाकलेला असतो त्याहून ही जागा वेगळी असते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढील विवेचनात ती महत्त्वाची ठरणार आहे.

बंद होण्याची आज्ञा मिळाली की ब्राउझरचा प्रत्येक विभाग आपले अपुरे लेखन डिस्कवर पूर्ण करतो. ॲड-ऑनना थांबण्याची सूचना जाते. ‘बंद करताना इतिहास पुसावा’ असे वापरकर्त्याने ठरवून ठेवले असेल तर तीही साफसफाई याच वेळी होते. हे सर्व झाल्यावर मुख्य प्रोसेस संपते. निरोगी संगणकावर याला काही क्षण पुरतात. डिस्क जुनी आणि संथ असेल, इतिहास कित्येक वर्षांचा साठलेला असेल, तर अधिक वेळ लागतो. अनिश्चित काळ ताटकळत राहू नये म्हणून फायरफॉक्समध्ये एक पहारेकरीही नेमलेला आहे. बंद होण्याचे काम साधारण एक मिनिटाहून अधिक अडले तर तो प्रोग्रॅम मुद्दाम पाडतो आणि त्याची नोंद ठेवतो. म्हणूनच कधी कधी ब्राउझर बंद केल्यावर काही वेळाने ‘फायरफॉक्स कोसळला’ अशी चौकट येते. ती पाहून घाबरण्याचे कारण नाही. बंद होताना काहीतरी अडले होते, एवढाच तिचा अर्थ.

कुलपाची फाइल

एकाच प्रोफाइलमध्ये दोन प्रोसेस एकाच वेळी लिहू लागल्या तर माहितीची नासाडी होईल. ती टाळण्यासाठी फायरफॉक्स सुरू होताच प्रोफाइलला कुलूप लावतो. विंडोजमध्ये त्यासाठी ‘पॅरेंट डॉट लॉक’ या नावाची फाइल असते. लिनक्समध्ये ‘लॉक’ नावाची एक खूण असते आणि तिच्यात कुलूप लावणाऱ्या प्रोसेसचा क्रमांक नोंदलेला असतो. जुनी प्रोसेस संपली नसेल तर कुलूप तसेच राहते, आणि नवी प्रोसेस दारावरून परत फिरते. ‘आधीच चालू आहे’ ही सूचना म्हणजे खोटी तक्रार नव्हे. ती खरी साक्ष आहे. तिच्यावर रागावण्यापेक्षा ती काय सांगते ते ऐकावे.

‘नंतर’ आणि ‘मुळे’

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. अपडेट झाले आणि त्यानंतर ब्राउझर बंद होईना, म्हणून दोष अपडेटचाच, असे म्हणता येईल काय? लगेच नाही. फायरफॉक्सची नवी मुख्य आवृत्ती २०२० पासून साधारण दर चार आठवड्यांनी येते, आणि अधूनमधून लहान दुरुस्त्याही येतात. अर्थात संगणकात कोणताही बिघाड कधीही झाला तरी तो कोणत्या ना कोणत्या अपडेटच्या ‘नंतर’चाच असणार. एक गोष्ट दुसरीच्या नंतर घडली, यावरून ती दुसरीमुळे घडली असे सिद्ध होत नाही. हा विवेक केवळ संगणकापुरता नाही, पण संगणकावर तो पडताळून पाहणे सोपे आहे.

अपडेटशी खरोखर संबंध असणारी कारणे मोजकी आहेत. पहिले कारण, जुन्या आवृत्तीची प्रोसेस अद्याप चालू असताना डिस्कवरील फाइली बदललेल्या असतात. अशा वेळी नवा टॅब उघडताच ब्राउझर पुन्हा सुरू करण्याची विनंती येते आणि ती डावलल्यास वागणे विचित्र होते. दुसरे कारण, नव्या आवृत्तीच्या पहिल्या सुरुवातीला जुन्या माहितीची रचना कधी कधी बदलून घ्यावी लागते. त्यामुळे पहिल्या एकदोन वेळा उघडण्यास आणि बंद होण्यास विलंब होतो, नंतर तो आपोआप नाहीसा होतो. तिसरे कारण, एखादे ॲड-ऑन नव्या आवृत्तीशी जुळवून घेत नाही. चौथे कारण, ब्राउझरच्या आत शिरून पहारा करणारे अँटिव्हायरस किंवा चित्र दाखविणारा ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्या आवृत्तीशी अडखळतो.

याखेरीज अपडेटशी काडीचाही संबंध नसलेली कारणे असतात. डिस्क भरलेली असणे, इतिहासाची फाइल बिघडलेली असणे, प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नसणे ही त्यांतील नेहमीची. ज्या संगणक कक्षांत विद्यार्थ्यांचे फोल्डर मध्यवर्ती सर्व्हरवर असतात तेथे नेटवर्कची जोडणी तुटल्यानेही कुलूप अडकून राहते. यांतील नेमके कोणते कारण आपल्या संगणकाला लागू आहे, हे अंदाजाने ठरवू नये. ते शोधण्याचा क्रम ठरलेला आहे.

पहिली पायरी : थांबणे आणि पाहणे

ब्राउझर बंद केल्यानंतर दोन मिनिटे थांबावे. ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण अपडेटनंतरच्या पहिल्या दिवशी पुष्कळदा एवढेच पुरेसे असते. त्यानंतर विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. चालू असलेल्या कामांच्या यादीत फायरफॉक्स दिसतो काय, हे पाहावे. दिसत असेल तर त्याच्यापुढील आकडे वाचावेत. प्रोसेसरचा किंवा डिस्कचा आकडा हलता असेल तर आत काम चालू आहे, त्याला आणखी वेळ द्यावा. आकडे शून्यावर स्थिर असतील आणि पाच मिनिटांनंतरही नाव यादीत असेल, तर प्रोसेस अडकली आहे असे समजावे.

त्याच वेळी एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात. बिघाड प्रथम कधी दिसला, तो प्रत्येक वेळी होतो की अधूनमधून, आणि बंद करण्यापूर्वी कोणती पाने उघडी होती. आम्ही मुलांना ही टिपणे लिहावयास लावतो, तेव्हा त्यांना प्रथम ते कंटाळवाणे वाटते. परंतु ‘चित्रफितीचे पान उघडे असले तरच असे होते’ यासारखा शोध टिपणांतूनच लागतो, आठवणीतून नव्हे.

दुसरी पायरी : अडकलेली प्रोसेस संपविणे

टास्क मॅनेजरमध्ये फायरफॉक्सच्या नावावर क्लिक करून ‘एंड टास्क’ निवडावे. एकाहून अधिक नोंदी असतील तर सर्व संपवाव्यात. असे केल्याने सारे काही पुसले जाईल, अशी भीती बाळगू नये. इतिहास आणि बुकमार्क ज्या प्रकारच्या फाइलींत असतात त्यांची रचना अकस्मात थांबणे सहन करण्यासाठीच केलेली असते, आणि उघड्या टॅबची यादीही काम चालू असताना सुमारे दर पंधरा सेकंदांनी जतन होत असते. धोका असतो तो अर्धवट भरून न पाठविलेल्या अर्जाला. म्हणून दीर्घ अर्ज भरताना प्रत्येक टप्प्यावर ‘सेव्ह’ करावे, ही सवय मुलांना लहानपणीच लागलेली बरी.

प्रोसेस संपविल्यानंतरही सूचना येतच राहिली, तर एकदा संगणक रीस्टार्ट करावा. त्यानेही काम न झाल्यास प्रोफाइलच्या फोल्डरमधील कुलपाची फाइल पाहावी. ती नुसती दिसते म्हणजे कुलूप लागलेले आहे असे नव्हे. विंडोजमध्ये ती फाइल पुसू गेल्यास ‘ही वापरात आहे’ असे उत्तर आले, तर प्रोसेस अजून जिवंत आहे. सहज पुसली गेली, तर जुने कुलूप निघाले. या एका फाइलखेरीज त्या फोल्डरमधील अन्य कशालाही हात लावू नये. तसेच त्या फोल्डरच्या गुणधर्मांत लिहिण्याची परवानगी आहे काय, हेही पाहावे. संगणक दुसऱ्याच्या नावाने सुरू करून फायली इकडेतिकडे हलविल्या गेल्या असतील तर ती परवानगी गेलेली असते.

तिसरी पायरी : तुलना

दुसऱ्या पायरीने ब्राउझर उघडेल, पण उद्या पुन्हा अडकेल. ताप उतरविणे आणि रोग शोधणे यांत जे अंतर आहे तेच येथे आहे. रोग शोधण्यासाठी तुलना करावी लागते.

फायरफॉक्सच्या मेन्यूत ‘हेल्प’ या विभागात ‘ट्रबलशूट मोड’ आहे. पूर्वी त्यालाच सेफ मोड म्हणत. शिफ्ट कळ दाबून धरून फायरफॉक्स सुरू केल्यासही तेथे जाता येते. या अवस्थेत सर्व ॲड-ऑन, निवडलेल्या थीम आणि ग्राफिक्सचा वेगवर्धक तात्पुरते बंद राहतात. आपली माहिती जशीच्या तशी राहते. अशा अवस्थेत नेहमीसारखे काम करून ब्राउझर बंद करावा आणि टास्क मॅनेजरमध्ये पाहावे. हे तीनचार वेळा करावे. एकदाच ठीक झाले म्हणून निष्कर्ष काढू नये.

या अवस्थेत ब्राउझर नीट बंद झाला, तर दोष त्या बंद ठेवलेल्या गोष्टींपैकी एकात आहे, एवढे निश्चित झाले. मग नेहमीच्या अवस्थेत येऊन प्रथम सर्व ॲड-ऑन बंद करावेत आणि एकेक चालू करत जावे. प्रत्येकानंतर ब्राउझर बंद करून पाहावा. ॲड-ऑन बंद असतानाही तक्रार राहिली तर सेटिंग्जमधील ‘परफॉर्मन्स’ या भागात शिफारस केलेली मांडणी काढून ‘हार्डवेअर ॲक्सेलरेशन’ची खूण काढावी आणि पुन्हा पाहावे. येथे नियम एकच आहे : एका वेळी एकच बदल. दोन बदल एकत्र केले आणि तक्रार गेली, तर कोणत्या बदलाने गेली हे कधीच कळत नाही.

ट्रबलशूट मोडमध्येही ब्राउझर अडकला, तर शोधाची दिशा बदलते. दोष प्रोफाइलमधील माहितीत किंवा ब्राउझरच्या बाहेर आहे.

चौथी पायरी : नवी प्रोफाइल

पत्त्याच्या पट्टीत रोमन अक्षरांत ‘अबाउट’, त्यापुढे अपूर्णविराम आणि ‘प्रोफाइल्स’ असे जोडून लिहिल्यास प्रोफाइलांचे पान उघडते. तेथे एक नवी, कोरी प्रोफाइल तयार करावी आणि तिच्यात ब्राउझर चालवून बंद करून पाहावा. जुनी प्रोफाइल पुसू नये. कोऱ्या प्रोफाइलमध्ये सर्व सुरळीत असेल, तर दोष जुन्या माहितीत आहे. तीही अडकत असेल, तर अँटिव्हायरस, ड्रायव्हर, डिस्क किंवा खुद्द त्या आवृत्तीकडे पाहावे लागते. अशा शोधात अँटिव्हायरस कायमचा काढून टाकू नये. त्याचे अपडेट आले आहे काय, हे आधी पाहावे.

जुन्या माहितीत दोष आढळल्यास ‘अबाउट’पुढे ‘सपोर्ट’ जोडून उघडणाऱ्या पानावर दोन उपयुक्त बटणे आहेत. एक बटण इतिहास आणि बुकमार्कची फाइल शाबूत आहे काय याची तपासणी करते. दुसरे ‘रिफ्रेश फायरफॉक्स’ हे नवी प्रोफाइल तयार करून तिच्यात बुकमार्क, इतिहास, पासवर्ड आणि कुकी आणून ठेवते. ॲड-ऑन मात्र जातात, आणि बदललेल्या मांडणी मूळ स्थितीला येतात. जुना मजकूर डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये ठेवला जातो. सर्व नीट असल्याची खात्री होईपर्यंत तो फोल्डर पुसू नये. ‘अबाउट’पुढे ‘क्रॅशेस’ लिहिल्यास पूर्वी कोसळल्याच्या नोंदी दिसतात. जाणकाराची मदत घेताना त्या नोंदी दाखविल्यास त्याचा निम्मा वेळ वाचतो.

काय करू नये

ब्राउझर काढून पुन्हा टाकणे हा सर्वत्र सांगितला जाणारा उपाय आहे. प्रोग्रॅम आणि प्रोफाइल या वेगळ्या जागा आहेत हे ज्याने लक्षात ठेवले असेल, त्याला हा उपाय बहुधा निष्फळ का ठरतो हे सहज समजेल. प्रोग्रॅम नवा येतो, प्रोफाइल जुनीच राहते आणि दोष तिच्यात असेल तर तोही राहतो. मग चिडून प्रोफाइलही पुसली जाते, आणि नुकसान होते ते येथे.

दुसरे, जुन्या आवृत्तीकडे परत जाण्याची घाई करू नये. नव्या आवृत्तीने वापरलेली प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडल्यास माहिती बिघडू शकते. म्हणून मे २०१९ मधील ६७व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स अशा वेळी इशारा देतो आणि नवी प्रोफाइल करण्यास सुचवितो. तिसरे, अपडेट कायमचे बंद करू नयेत. अपडेटमध्ये सुरक्षेची छिद्रे बुजविलेली असतात. एक गैरसोय टाळण्यासाठी घराचे दार उघडे ठेवण्यासारखे ते होईल.

येथे जुन्या संगणकांचा विचार करणे आवश्यक आहे. देणगी म्हणून मिळालेले अनेक संगणक विंडोज ७ किंवा ८.१ वर चालतात. त्यांवर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती चालते. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११०व्या आवृत्तीला विंडोज १० लागते. फायरफॉक्सच्या बाबतीत जुलै २०२३ मधील ११५ ही अशी शेवटची आवृत्ती असून तिची दीर्घकालीन शाखा त्या संगणकांसाठी वेगळी ठेवण्यात आली. असा संगणक संथ झाला असेल तर त्यावर लिनक्स टाकणे हा बिनखर्चाचा आणि अनेक ठिकाणी यशस्वी झालेला मार्ग आहे.

अन्य ब्राउझर

क्रोम आणि एज यांच्या बाबतीत एक विशेष आहे. खिडकी बंद केल्यावरही पार्श्वभूमीवर काम चालू ठेवण्याची सोय त्यांच्यात मुद्दाम दिलेली आहे. दोन्हींच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’च्या भागात तशी खूण असते. एजमध्ये ‘स्टार्टअप बूस्ट’ नावाची आणखी एक सोय असते. त्या चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये ब्राउझरचे नाव दिसणे हा बिघाड नव्हे. नको असल्यास त्या खुणा काढाव्यात. मॅक संगणकावर तर लाल बटण केवळ खिडकीच मिटवते. प्रोग्रॅम संपविण्यासाठी कमांड आणि क्यू या कळा दाबाव्या लागतात. विंडोजमध्ये फायरफॉक्स पूर्णपणे बंद करण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि क्यू या कळा आहेत. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी, जे दिसते ते बिघाड आहे की तशीच योजना आहे, हे विचारणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

सामायिक संगणकावरील जबाबदारी

आमच्या दृष्टीने या सर्व विवेचनाचा खरा गाभा येथे आहे. घरातील संगणकावर ब्राउझर अडकला तर वेळ जातो. वसतिगृहातील, ग्रंथालयातील, सेवा केंद्रातील किंवा सायबर कॅफेतील संगणकावर अडकला तर त्याहून अधिक काही जाऊ शकते. एका खुर्चीवर दिवसभरात अनेक जण बसतात. पहिल्याने खिडकी बंद केली, पण प्रोसेस अडकली आणि दुसऱ्याने ब्राउझर पुन्हा उघडून मागील टॅब परत आणले, तर पहिल्याचे ईमेल किंवा शिष्यवृत्तीचे खाते त्याच्यापुढे उघडे होऊ शकते. ‘बंद करताना सर्व पुसावे’ अशी मांडणी असली तरी बंद होण्याचे काम मध्येच अडल्यास ती साफसफाई त्या क्षणी पूर्ण झालेली नसते. आधार क्रमांक, जातीचे प्रमाणपत्र, बँकेचे खाते ही माहिती ज्या अर्जांत असते ते अर्ज मुले याच संगणकांवर भरतात.

म्हणून फुलीवर विसंबू नये. प्रत्येक संकेतस्थळावरून प्रथम ‘लॉगआउट’ व्हावे. सामायिक संगणकावर खासगी खिडकी वापरावी आणि पासवर्ड साठविण्याच्या प्रश्नाला नेहमी नकार द्यावा. उठण्यापूर्वी ब्राउझर खरोखर संपला आहे काय, हे टास्क मॅनेजरमध्ये एकदा पाहावे. संगणक कक्षाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांनी शक्य तेथे प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संगणकाचे वेगळे खाते तयार करावे. खाते वेगळे म्हणजे प्रोफाइल वेगळी, कुलूप वेगळे आणि एकाच्या अडचणीचा त्रास दुसऱ्याला नाही.

पालकांना आमची विनंती आहे की घरच्या संगणकावर बिघाड झाल्यास मुलांना बाजूला सारू नये. त्यांच्या हाती कागद आणि पेन द्यावे आणि वरील चार पायऱ्या क्रमाने करावयास सांगाव्यात. आमचे अनेक माजी विद्यार्थी आज कार्यालयांत, बँकांत, शाळांत संगणकावर काम करतात. सुटीत गावी गेल्यावर त्यांनी एखादी दुपार अशा पाठासाठी द्यावी. बुकमार्क आणि पासवर्ड यांची प्रत वेळच्या वेळी कशी काढून ठेवावी, एवढे जरी दहा मुलांना शिकविले तरी ते मोलाचे होईल.

ब्राउझर आज एक आहे, उद्या दुसरा येईल. त्याची बटणे बदलतील, नावे बदलतील. परंतु आधी पाहावे, मग लिहावे, एका वेळी एकच बदल करावा, तुलना केल्यावाचून दोष देऊ नये आणि जे परत आणता येणार नाही ते अखेरपर्यंत पुसू नये, हा क्रम बदलणार नाही. तो ज्याच्या अंगवळणी पडला त्याला यंत्राची भीती उरत नाही, आणि दुसऱ्याच्या अडचणीत तो उपयोगी पडतो.